दहा बाय बाराचं शेत

तुमच्या घरी नवरात्रात घट बसतो का? पत्रावळीवर काळी माती पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी असं धान्य पेरायचं आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरत राहतो, माती ओली होते आणि चार-पाच दिवसांत पिवळे-पोपटी कोंब वर येतात. दसऱ्याला ते तुरे देवाला वाहतात, कुणी टोपीत खोवतात, मुली केसांत माळतात. आणि उरलेली माती?

२०२३ सालच्या दसऱ्याला ती माती उचलून मी निघाले, तेवढ्यात माझी नात आडवी आली. ती तेव्हा सहावीत होती.

"आजी, हे टाकून नाही दिलं तर याची ज्वारी होईल?"

"यांची नाही होणार गं. हे अंधारात वाढलेले कोंब, म्हणून तर पिवळे. उन्हात ठेवलेस की माना टाकतील. पण नवीन पेरली तर होईल की!"

झालं! एवढं बोलायला नको होतं मी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आपल्या देशानंच तसं सुचवलं होतं. त्यामुळे शाळाशाळांतून ज्वारी, बाजरी, नाचणीवर प्रकल्प चालले होते. हिलाही एक करायचा होता. बाकीची मुलं दुकानातून दाणे आणून तक्त्यावर डिंकानं चिकटवणार होती. आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "मी खरी ज्वारी काढणार. आणि तिची भाकरी करून बाईंना डब्यात नेणार!"

आता आमच्याकडे शेत कुठलं? आम्ही सोलापूर शहरात राहतो. घर जुनं आहे, म्हणून मागे थोडं परस आहे. कपडे धुण्याचा दगड आहे, मोरीच्या पाण्यावर पोसलेलं अळू आहे, आणि त्याच्या पलीकडे दहा फूट बाय बारा फुटांचा एक तुकडा. त्या तुकड्यात वर्षानुवर्षं घरातली अडगळ पडत आलेली. शेताचं माप तुम्हाला माहीत आहे ना? तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आमचं परस एकशेवीस चौरस फूट. म्हणजे गुंठ्याचा नववा भागसुद्धा धड नाही!

पहिली कुदळ मारली, तर ठण्ण! खाली विटांचे तुकडे, कौलं, एक वाकडा चमचा, दोन गोट्या आणि माझ्या मुलाची लहानपणची शिट्टी निघाली. चार संध्याकाळी आम्ही नुसते दगड वेचत होतो. मग दहा पोती काळी माती आणून ओतली. भिंतीपलीकडच्या मावशींच्या घरी शेळ्या. त्यांनी सहा पाट्या लेंडीखत दिलं. ते मातीत कालवलं. नातीनं नाकाला रुमाल बांधला होता. तिसऱ्या पाटीला तो गळाला आणि चौथ्या पाटीला ती हातांनीच खत पसरू लागली.

बी मात्र मी गावाहून मागवलं. माझं माहेर मंगळवेढ्याजवळचं. दुष्काळात धान्याची कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांचं ते मंगळवेढं. तिथल्या काळ्या जमिनीतली ज्वारी इतकी नावाजलेली, की तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. माझ्या वहिनीनं फडक्याच्या गाठीत बांधून मालदांडी ज्वारी पाठवली. मोत्यासारखी पांढरी, टपोरी. ती गाठ हातात घेतल्यावर माझ्या मनात काय आलं, ते पुढे सांगते. तेव्हा नातीलाही सांगितलं नव्हतं.

पेरायला तसा उशीरच झाला होता. आमच्या भागात रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर. काळी माती पाणी धरून ठेवते. त्या साठलेल्या ओलाव्यावर आणि थंडीवर हे पीक येतं. पण त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती आणि आमच्या नळालाही तीन-चार दिवसांनी पाणी येत होतं. तेव्हा ठरवलं, की प्यायच्या पाण्याचा थेंब परसात जाणार नाही. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी तेवढंच घालायचं. साबणाचं पाणी मात्र अळवाकडे, पिकाकडे नाही.

आठ फुटांची जागा ज्वारीला दिली. दोन ओळींत दीड फूट अंतर, दोन रोपांत अर्धा फूट. नातीनं शाळेची फूटपट्टी घेऊन मोजून भोकं पाडली. पाच ओळी, एका ओळीत वीस. बरोबर शंभर! प्रत्येक भोकात दोन-तीन दाणे. उरलेल्या चार फुटांत मेथी, कोथिंबीर, मुळा, हरभऱ्याची एक ओळ आणि वांग्याची तीन रोपं. कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली हलकेच रगडून दोन फाकी करून पेरतात, हे तिला माहीत नव्हतं. "एका धन्यात दोन बिया असतात?" तिनं मला तीनदा विचारलं आणि मग डब्यातले निम्मे धने रगडून ठेवले. आठवडाभर आमच्या आमटीला फाकीच होत्या!

मेथी तिसऱ्याच दिवशी उगवली. महिन्याभरात तिची पहिली भाजी झाली. वाटीभरच, पण माणशी दोन घास आले. हरभरा वीतभर वाढला तसे मी त्याचे शेंडे खुडायला सांगितले. नातीला ते पटेना. "चांगलं वाढतंय तर तोडायचं कशाला?" शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात, झाड डेरेदार होतं, घाटे जास्त लागतात. शिवाय खुडलेल्या शेंड्यांची भाजी मिळते, ती वेगळीच. खुडून झाल्यावर मी तिला बोटं चाटायला सांगितली. काय तोंड केलं तिनं! हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव असतं, त्याला आंब म्हणतात. पूर्वी बायका रात्री हरभऱ्यावर स्वच्छ फडकं पसरून ठेवायच्या आणि सकाळी ते पिळून आंब साठवायच्या. पोटदुखीवर घरगुती औषध म्हणून ती वापरत.

तर सांगत काय होते, ज्वारी. पंधरा दिवसांत ती टीचभर झाली. एका भोकात तीन-तीन रोपं, तेव्हा विरळणी करायला हवी होती. जोमदार एक ठेवायचं, बाकीची उपटायची. उपटलेल्या कोवळ्या रोपांची चांगली मोठी पेंडी झाली. हिरवीगार! नातीच्या मनात आलं, मावशींनी खत दिलं, आता आपण त्यांच्या शेळीला खाऊ देऊ. मीही कौतुकानं मान हलवली. ती पेंडी घेऊन भिंतीपाशी गेली, शेळीनं मान वर केली, आणि पलीकडून मावशी अशा ओरडल्या म्हणता!

"टाक! टाक ते खाली! मारतीस का काय माझ्या शेळीला?"

नात रडवेली झाली. मी तर लाजेनं अर्धी झाले, कारण मला हे माहीत असायला हवं होतं. शेतकऱ्याची मुलगी ना मी! कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असतं. जनावरानं ती खाल्ली की त्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल नावाचं जहाल विष तयार होतं. ज्वारी कोवळी असेल आणि वर पाण्याचा ताण पडलेला असेल, तर धोका जास्तच. तेवढ्याशा पेंडीनंही शेळी दगावू शकली असती. पीक मोठं होतं तसं ते द्रव्य कमी होत जातं आणि कापून वाळवलेला कडबा जनावरं मजेत खातात. म्हणून, तुमच्यापैकी कुणी सुट्टीत गावी गेलात, तर कोवळ्या ज्वारीच्या रानात शेळी-गाय सोडू नका. आणि सोडायच्या आधी मोठ्यांना विचारा, अगदी माझ्यासारखी आजी मान हलवत असली तरी!

ती पेंडी खड्ड्यात पुरली. मावशींचा राग संध्याकाळपर्यंत निवळला. उलट त्यांनीच मूठभर करडई आणून दिली. "भिंतीच्या कडंनं लावा. काटं आलं की शेळी तोंड घालत न्हाई." आमच्याकडे ज्वारीच्या रानाच्या कडेला करडई पेरतात ती याचसाठी. तारेचं कुंपण नको, राखणदार नको. शिवाय तेलबी हाती येते.

शंभरातली अकरा रोपं खोडमाशीनं नेली. ही माशी पानाखाली अंडं घालते, अळी पोंग्यात शिरते आणि मधला कोंब सुकून जातो. ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. तीन रोपं क्रिकेटच्या चेंडूनं मोडली. चेंडू कुणाचा ते सांगत नाही, तो मुलगा हे मासिक-साप्ताहिक सगळं वाचतो! राहिली शहाऐंशी. नात रोज वहीत आकडा लिहायची. आकडा कमी झाला की त्या दिवशी जेवताना बोलायची नाही.

दर पंधरा दिवसांनी आम्ही खुरपं फिरवायचो, तण नसलं तरी. काळी माती सुकली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. वरची माती मोकळी केली की भेगा बुजतात. शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. आमच्या बादलीभर पाण्याच्या शेतीत हे फार उपयोगी पडलं. जानेवारी सुरू झाला तेव्हा ताटं नातीच्या डोक्याच्या वर गेली होती. कणसं बाहेर पडली, दाण्यात दूध भरलं आणि चिमण्यांना निरोप गेला.

चिमण्याच नव्हे, साळुंक्या आणि पोपटसुद्धा! कुठून कळतं त्यांना, कोण जाणे. मोठ्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात, डबे वाजवतात. आम्ही सकाळी सातला डबा वाजवला, तर समोरच्या आजोबांनी खिडकी उघडून विचारलं, "आग लागलीय का?" जाळी लावावी, तर तिच्यात पाखराचे पाय अडकतात. शेवटी युक्ती नातीनंच काढली. तिचे लहान झालेले शाळेचे मोजे होते ना, ते कणसांना घातले! मग घरोघरी जाऊन जुने मोजे मागून आणले. पांढरे, निळे, एक तर लाल पट्ट्यांचा. मोजे संपले तेव्हा जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवल्या. गल्लीतली माणसं मुद्दाम वळून बघायला यायची. सहा कणसं मात्र आम्ही उघडी ठेवली. ती पाखरांची.

यानंतरची गोष्ट सांगायला मला थोडं जड जातं.

दाणा दुधातून चिकात आला की हुरडा होतो. कणीस आगटीत भाजायचं, तळहातावर चोळायचं, पाखडायचं आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम गरम खायचं. एका रविवारी नातीच्या पाच मैत्रिणी आल्या. मी दहा कणसं काढून दिली. शेगडीवर भाजून पोरींनी चुटकीसरशी फस्त केली. "आजी, अजून दहा!" म्हणत नातीनं विळा उचलला.

"ठेव तो खाली," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. पोरी गप्प झाल्या. नात लाल झाली. मैत्रिणी गेल्यावर ती खोलीत जाऊन बसली. "शेत माझं आहे. मी मोजे घातले. तू मैत्रिणींसमोर ओरडलीस." सगळं खरं होतं. मग रात्री मी तिला ते सांगितलं, जे मी तिच्या बाबालाही कधी सांगितलं नव्हतं. आता तुम्हालाही सांगते.

१९७२ साली मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षीचा महाराष्ट्रातला दुष्काळ तुम्ही पुस्तकात वाचला असेल. आमची तीन एकर कोरडवाहू जमीन होती. पाऊसच नाही, म्हणून पेरणी नाही. आई आणि वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर मिलो नावाची परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी लालसर, वातड. मला ती घशाखाली उतरायची नाही. मुलांना सुकडी वाटायचे, तिची मात्र आम्ही वाट बघायचो.

घरात एक मडकं होतं. त्याचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं. आत आदल्या वर्षीची पांढरीशुभ्र मालदांडी, पुढच्या पेरणीचं बी. राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलेलं. आई उपाशी राहिली, पण त्या मडक्याकडे तिनं बघितलं नाही. मी बघितलं. आई कामावर गेली की मी लिंपण उचकटायची, मूठभर ज्वारी काढायची, तव्यावर तिच्या लाह्या फोडायची आणि गपकन खाऊन टाकायची. महिना-दीड महिना हे चाललं होतं. एक मूठ म्हणजे काय मोठं, असं मला वाटायचं. तोंडावर नुसतं फडकं टाकून ठेवायची, मातीनं परत लिंपायचं मला कुठलं सुचायला!

दिवाळी झाली आणि आईनं मडकं उघडलं. मी खाल्ली होती त्याचं एवढं काही नव्हतं, मुलांनो. उघड्या तोंडातून किडा आत गेला होता. टोक्यानं दाणे पोखरून टाकले होते. हात घातला की पीठ यायचं.

"मग तुला मारलं का आईनं?" नातीनं विचारलं.

नाही मारलं. तिनं मडकं माझ्यासमोर सुपात उपडं केलं आणि म्हणाली, "नीट." मी दिवसभर नीटत बसले. तिनं निवडलेले दाणे पाण्यात टाकले. पोकळ होते ते तरंगले, भरीव होते ते बुडाले. बुडालेले फक्त चार मुठी निघाले. पुढच्या पावसापर्यंत हेही टिकायचे नाहीत म्हणून तिनं ते आमच्या परसातच पेरले. पाणी कुठलं? आंघोळीचं. तेव्हा आंघोळच आठवड्यातून एकदा. ज्वारीच्या ओळींत एक चपटा दगड मांडलेला, त्यावर आम्ही भावंडं आळीपाळीनं उभी राहायचो. साबण नाही. एक तांब्या डोक्यावर, तो तसाच मुळाशी. दर आठवड्याला दगड पुढच्या ओळीत सरकायचा. कडाक्याच्या थंडीत कुडकुडत मी उभी असायची आणि आई म्हणायची, "हलू नको, पाणी भलतीकडं जातंय."

मार्चमध्ये ती ज्वारी निघाली. चार-साडेचार किलो भरली. घरात खाणारी सहा तोंडं. भाकरीच्या हिशेबानं तीन दिवसांचं धान्य. पण रब्बीच्या ज्वारीला एकरी बियाणं लागतं साधारण चार किलो. १९७३ साली पाऊस चांगला झाला, तेव्हा आमचं एक एकर त्या परसातल्या बियाण्यावर पेरलं गेलं. बाकी दोन एकरांना आईनं शेजारून बी उसनं आणलं, सव्वापटीनं फेडायच्या बोलीवर.

वहिनीनं पाठवलेली गाठ हातात घेताना माझ्या मनात हे सगळं आलं होतं. ती ज्वारी त्याच बियाण्याची असेल, असं काही मी छातीठोक सांगणार नाही. मधल्या पन्नास वर्षांत भावानं किती वेळा बी बदललं असेल, देव जाणे.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण आजी, माझ्या मैत्रिणी काही चोरत नव्हत्या." तेही खरंच होतं. मी तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं वहीत लिहिलं : शिल्लक ७६. त्याखाली : पाखरांची ६. आपली ७०.

मार्चच्या सुरुवातीला कणसं खुडली. उन्हात वाळवून गोणपाटावर काठीनं बडवली, वाऱ्यावर उपणली. एका कणसातले दाणे नातीनं मोजले, ७१२ निघाले! एका दाण्याचे सातशे बारा. व्याजाचा असा दर कुठल्या बँकेत मिळतो ते मला कळवा. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर वजन केलं, तर बरोबर पावणेदोन किलो.

मग आम्ही हिशेबाला बसलो. किलोभर पिठाच्या साधारण दहा भाकरी. म्हणजे आपल्या चार महिन्यांच्या शेताच्या सतरा भाकरी. आपल्या घरात माणसं चार. माणशी दोन धरल्या, तर तिसऱ्या दिवशी डबा रिकामा. वर्षभर पुरायला अशी दीडशेच्या वर परसं लागतील! आणि हे लेंडीखत घालून, रोज बादलीनं पाणी घालून, मोजे चढवून. नुसत्या पावसाच्या भरवशावर असलेल्या रानात एवढं पिकत नाही. हा आकडा काढल्यावर नात वाण्याच्या दुकानातल्या पोत्याकडे निराळ्याच नजरेनं बघू लागली, असं तिची आई म्हणते.

"आणि बी म्हणून ठेवली तर?" तिनं विचारलं. चार किलोला एक एकर, तर पावणेदोन किलोला? तुम्हीही करून बघा. साडेसतरा गुंठे. सतरा भाकरी किंवा सतरा गुंठे!

"पण आपल्याकडे सतरा गुंठे आहेत कुठं?" ती म्हणाली. आता यावर काय बोलणार?

शेवटी अर्धा किलो दळायचं ठरलं. गिरणीवाले काका हसले. "एवढंसं? जात्याला पुसायलासुद्धा पुरायचं नाही." मग मावशींच्या घरचं जुनं दगडी जातं धुऊनपुसून काढलं. नात आणि मी समोरासमोर बसलो. दहा मिनिटांत तिचे हात दुखायला लागले, माझे त्याआधीच लागले होते. पाच भाकरी झाल्या. पहिली तव्यावर टाकताना मोडली. दुसरी नात थापायला बसली, तिचा नकाशा महाराष्ट्रासारखा झाला, पण फुगली! एक मावशींना दिली. त्यांनी ती शेळीला दाखवून आणली, गंमत म्हणून. प्रकल्प डिसेंबरातच देऊन झाला होता, त्याला मार्क साधारणच मिळाले. तरी एक भाकरी तिनं डब्यातून बाईंना नेलीच. सोबत आमच्या मेथीची सुकी भाजी होती.

उरलेली सव्वा किलो मी मडक्यात भरायला घेतली. मालदांडीसारख्या सरळ वाणाचं असं करता येतं. संकरित वाणाचं बी मात्र दर वर्षी नवं आणावं लागतं. घरचं पेरलं तर पुढची पिढी एकसारखी येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी भाज्यांचं, धान्यांचं बी जिवापाड जपलं. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. नातीनं त्यांचं चित्र कापून मडक्यावर चिकटवलं. राख आणि कडुनिंबाचा पाला मी मागवला होता. लिंपायचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या वेळी तिनं काड्यापेटीच्या रिकाम्या पेट्यांत तीस-तीस दाणे भरून वर्गात वाटले. एकवीस पेट्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच कपाटातच राहिल्या असतील. एकीची कुंडी मांजरानं उकरली. एकाच्या घरी ज्वारी उगवली आणि लोकांनी गवत समजून उपटून टाकली. पण हुरड्याच्या रविवारी आलेल्या पाचांतली एक मुलगी आहे, तिसऱ्या मजल्यावर राहते. तिनं रंगाच्या रिकाम्या बादलीत चार ताटं वाढवली. दोन कणसं पारव्यांनी संपवली. उरलेल्या दोन कणसांची ज्वारी ती मार्चमध्ये रुमालात बांधून घेऊन आली.

"हिची एक भाकरीपण होत नाही," ती म्हणाली. "तुमच्या मडक्यात टाकू का?"

नातीनं मडकं खाली काढलं, लिंपण फोडलं आणि रुमाल आत मोकळा केला. मग परसातून ओली माती आणली. झाकणाच्या कडेनं अंगठा एकदा फिरवला, थांबली, आणि पुन्हा एकदा फिरवला.